आपल्या दारातला रस्ता कोणत्या दर्जाचा? राष्ट्रीय महामार्गापासून पांधणीपर्यंत

पांधणवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझे घर नागपुरात त्रिमूर्तीनगर भागात आहे आणि वडिलोपार्जित वावर उमरेडच्या पलीकडे आहे. दर शनिवारी घरून निघालो की आधी महानगरपालिकेचे रस्ते लागतात. मग उमरेड मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ३५३-डी. उमरेड ओलांडल्यावर जिल्हा मार्गावर वळावे लागते, तिथून गावाचा अरुंद डांबरी रस्ता धरावा लागतो आणि शेवटचे दीड किलोमीटर पांधणीतून, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेतून, वावरापर्यंत जावे लागते. एका सकाळच्या प्रवासात देशाच्या रस्तेजाळ्याचे बहुतेक सगळे प्रकार पायाखालून जातात. तरीही दोन वर्षांपूर्वीपर्यंत रस्ता म्हणजे रुंद किंवा अरुंद, एवढेच मला कळत होते.

भाद्रपदातल्या एका मोठ्या पावसात गावरस्त्यावरची मोरी खचली. पाईपवरचा भराव वाहून गेला, पाईप उघडे पडले आणि गाडी जाणे बंद झाले. मी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो, तर रस्ता आमच्याकडे नाही असे उत्तर मिळाले. दुसऱ्या कार्यालयात कळले की त्यांच्याकडे अलीकडचा अर्धाच भाग आहे. तिसऱ्या ठिकाणी रस्त्याचा क्रमांक विचारला गेला आणि तो गावात कोणालाही ठाऊक नव्हता. यात दोन महिने गेले. तोवर सोयाबीनची पोती आम्ही बंडीवर लादून ओढ्याच्या पात्रातून काढली. एका खेपेला चाक आखापर्यंत काळ्या गाऱ्यात रुतले, तेव्हा बैल सोडून, पोती उतरवून, चाकाखाली गेल्या साली जमवलेल्या पऱ्हाट्या घालून ते बाहेर काढावे लागले. पुढे एका ओळखीच्या माणसाने यादीत पाहून रस्त्याचा दर्जा आणि क्रमांक काढून दिला. त्या क्रमांकासह केलेला अर्ज मात्र पहिल्याच फेरीत स्वीकारला गेला आणि मोरी दुरुस्त झाली.

तेव्हापासून मी या वर्गवारीचा अभ्यास करतो आहे. ज्या वर्गवारीमुळे मी दारोदार फिरलो, ती आपल्याच शहरात आखली गेली हे वाचून मला फार नवल वाटले. डिसेंबर १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, सर्व प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी देशाच्या रस्त्यांचा पहिला वीस वर्षांचा आराखडा तयार केला. रस्तेबांधणीच्या पाठ्यपुस्तकांत तो आजही ‘नागपूर योजना’ या नावाने शिकवला जातो. त्यात रस्त्यांचे पाच वर्ग ठरले. प्रांतांच्या राजधान्या, मोठी बंदरे आणि सीमेपलीकडे जाणारे मार्ग जोडतो तो राष्ट्रीय महामार्ग. प्रांताच्या आत जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे जोडतो तो प्रांतिक, म्हणजे आजचा राज्य महामार्ग. पिकाचा प्रदेश आणि बाजारपेठ यांना महामार्गाशी किंवा रेल्वेशी जोडतो तो प्रमुख जिल्हा मार्ग. त्याखाली इतर जिल्हा मार्ग येतो, आणि गावांना परस्परांशी व वरच्या रस्त्याशी जोडतो तो ग्रामीण मार्ग.

या वर्गवारीत रुंदीचा उल्लेख पहिला येत नाही, रस्ता कशाला कशाशी जोडतो हे पहिले येते. इतके साधे आणि शहाणे सूत्र असताना शेतकऱ्याला आपल्या रस्त्याचा वर्ग कळू नये, याचे मला वाईट वाटते. जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. आपल्या रस्त्याचा दर्जा सामान्य माणसाने कुठे पाहावा? आणि माझ्या प्रवासाचे शेवटचे दीड किलोमीटर, म्हणजे पांधण, या पाच वर्गांपैकी कशात बसते?

मैलाचा दगड

पांधणवाट भाऊ, धागा काढल्याबद्दल आभार. मी रस्त्यांच्या कामात तीस वर्षे काढली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

नागपूर योजनेच्या आधीची एक पायरी सांगितली पाहिजे. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. रस्ते ही सर्वस्वी प्रांतांची आणि स्थानिक संस्थांची बाब राहिली तर देशभर सलग जाळे उभे राहणार नाही, हे त्या समितीने स्पष्टपणे मांडले. तिच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर अधिभार लावून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. नागपूरला जमलेल्या अभियंत्यांच्या हाती ही पूर्वतयारी होती. त्यांनी १९६३ पर्यंत ५,३२,७०० किलोमीटर रस्त्यांचे, म्हणजे दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे १६ किलोमीटर रस्त्यांचे उद्दिष्ट ठेवले. आखणीसाठी त्यांनी तारा आणि जाळी यांची सांगड घातली. मोठ्या गावांपासून ताऱ्याच्या किरणांसारखे रस्ते निघावेत आणि त्यांना आडव्या-उभ्या रस्त्यांची जाळी छेदत जावी, अशी ती कल्पना होती. लांबीचे उद्दिष्ट १९६१ च्या सुमारासच ओलांडले गेले, पण त्यातला मोठा भाग कच्चा होता. गावरस्त्यांची ओढाताण तिथपासून चालत आलेली आहे.

पुढची वीस वर्षांची योजना १९६१ ते १९८१ ची. ती मुंबई योजना म्हणून ओळखली जाते. तिने घनतेचे उद्दिष्ट दुप्पट, म्हणजे ३२ किलोमीटर केले आणि द्रुतगती मार्गांचाही विचार केला. त्यानंतरच्या लखनौ योजनेने सगळे वर्ग तीन थरांत बसवले. पहिल्या थरात द्रुतगती मार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग, दुसऱ्यात राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग, तिसऱ्यात इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग.

महाराष्ट्रात या शिडीला आणखी एक पायरी आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या खाली प्रमुख राज्य महामार्ग, मग राज्य महामार्ग, मग प्रमुख जिल्हा मार्ग अशी उतरंड लागते. हे तीन वर्ग सर्वसाधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. आपल्या बाबतीत अर्धा भाग एकाकडे आणि अर्धा दुसऱ्याकडे असण्याचे कारण बहुधा हेच असावे. गावकऱ्यांच्या नजरेला तो एकच सलग रस्ता दिसतो, कागदावर मात्र एखाद्या फाट्यापाशी वर्ग बदलतो आणि त्याबरोबर जबाबदार संस्थाही बदलते.

ओळखण्याची पहिली खूण म्हणजे कडेचा दगड. त्याचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग आणि नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. दगडावर विसंबून अर्ज मात्र करू नये, कारण दर्जा बदलल्यावर रंग बदलायला वर्षे लागतात. खात्रीसाठी जिल्ह्याची रस्ते विकास योजना पाहावी. तिच्यात प्रत्येक रस्त्याचा वर्ग, क्रमांक आणि लांबी असते. अर्जात ‘आमच्या गावचा रस्ता’ असे न लिहिता वर्ग, क्रमांक आणि शक्य असल्यास साखळी, म्हणजे कितव्या किलोमीटरपासून कितव्यापर्यंत, असे लिहावे. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतून रस्ता झाला असेल तर फलक जरूर वाचावा, कारण त्या योजनेत पाच वर्षांची देखभाल कंत्राटदारावर बंधनकारक असते.

एक शब्द काळ्या मातीबद्दल. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर डांबर कितीही चांगले घातले तरी खाली मुरमाचा भरपूर थर आणि दोन्ही बाजूंना वाहते नाले नसतील, तर दुसऱ्या पावसाळ्यात रस्ता लाटेसारखा होतो. ग्रामीण मार्गाला निधी तुटपुंजा मिळतो आणि कपात नेमकी या खालच्या थरात होते. मला नोकरीत सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे.

कामठीकर

माहिती उत्तम आहे. क्रमांकांबद्दल कोणी सांगेल का? आमच्या घराजवळचा महामार्ग वडील अजूनही ‘सात नंबर’ म्हणतात आणि फलकावर ४४ लिहिलेले असते.

मैलाचा दगड

वडील जुन्या हिशेबाने बरोबर आहेत. २०१० मध्ये केंद्राने राष्ट्रीय महामार्गांची नवी क्रमवारी लागू केली. उत्तर-दक्षिण मार्गांना सम क्रमांक मिळाले आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम मार्गांना विषम क्रमांक मिळाले आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात. जुना ७ क्रमांक वाराणसी ते कन्याकुमारी असा होता. त्याचा आपल्याकडचा भाग आता श्रीनगर ते कन्याकुमारी या ४४ क्रमांकात सामावला आहे. हजिरा ते कोलकाता या जुन्या ६ क्रमांकाचा अमरावती-नागपूर-भंडारा भाग आता हजिरा ते पारादीप या ५३ मध्ये येतो. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन मोठे प्रवाह नागपुरात एकमेकांना छेदतात. गुजरातेतील बामणबोरहून इंदूर-बैतूलमार्गे येणारा ४७ येथेच संपतो.

तीन अंकी क्रमांक शाखेचा असतो आणि शेवटचे दोन अंक मूळ मार्ग सांगतात. पांधणवाट भाऊंचा ३५३-डी हा ५३ च्या कुटुंबातला आहे, तर तुळजापूरहून यवतमाळ-वर्धामार्गे बुटीबोरीला येणारा ३६१ हा ६१ च्या कुटुंबातला आहे.

हिंगणा नाका

या चर्चेत समृद्धी महामार्गाचा उल्लेख यायला हवा, कारण त्याच्या दर्जाबद्दल मोठा गैरसमज आहे. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंतचा हा ७०१ किलोमीटरचा मार्ग सहा पदरी आहे, त्यावर प्रवेश नियंत्रित आहे, आणि म्हणून तो राष्ट्रीय महामार्गच असणार असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तो राज्याचा द्रुतगती मार्ग आहे आणि महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला आहे. नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला.

हा फरक खिशाला लगेच जाणवतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. सुरुवातीला तो ३,००० रुपयांत होता, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी संपेल ते. माझ्या मेहुण्यांनी तो पास घेतला आणि शिर्डीला निघाले. नेहमीप्रमाणे पथकर कापला गेल्यावर पास बिघडला असे समजून त्यांनी मला फोन केला. पास ठीक होता. तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्ग यांवरच चालतो, राज्याच्या द्रुतगती मार्गांवर नाही. हैदराबादला जाताना चालेल, समृद्धीवरून शिर्डीला जाताना चालणार नाही.

द्रुतगती मार्ग हा वर्ग मुळातच वेगळ्या विचारातून आलेला आहे. महामार्गाला वाटेतली गावे हवी असतात. द्रुतगती मार्ग त्यांना टाळून, ठरावीक ठिकाणीच चढू-उतरू देतो. समृद्धीवर दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना प्रवेश नाही. ज्यांच्या वावरातून तो गेला, त्यांच्या बैलबंडीसाठी त्याच्याखालून मार्ग ठेवावे लागले. अशा खालच्या मार्गांत पावसाळ्यात पाणी साचत असेल तर कोणाकडे दाद मागायची, हेही याच वर्गवारीवर अवलंबून असते.

सातपुड्याची वाट

महामार्ग गावांबरोबर जंगलेही तोडतो, म्हणून एक उदाहरण नोंदवतो. मनसरच्या पुढे खवाश्यापर्यंत ४४ क्रमांकाचा मार्ग पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातून जातो. चौपदरीकरणाच्या वेळी हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला आणि शेवटी वन्यजीवांसाठी रस्ता उचलून नऊ ठिकाणी खालून वाट ठेवण्यात आली. या वाटांची लांबी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्री, चितळ असे प्राणी खालून ये-जा करताना टिपले गेले आहेत. देवलापारकडे जाताना वरून काहीच कळत नाही, पण एकदा मी बाजूच्या कच्च्या वाटेवर थांबलो, तेव्हा पुलाखालच्या मऊ धुळीत चितळांच्या खुरांची दाट नक्षी दिसली आणि डोक्यावरून ट्रकांची घरघर चालूच होती.

राष्ट्रीय महामार्गाचा निधी आणि तपासणी होती म्हणून एवढी मोठी कामे झाली. त्याच जंगलातून जाणाऱ्या लहान रस्त्यांवर रात्री प्राणी मरतात, त्यांची मोजदादही नीट होत नाही.

बुटीबोरी फाटा

सर्वांचे प्रतिसाद वाचून असे वाटते की वरचा दर्जा मिळाला की रस्त्याचे भले झाले, असे आपण गृहीत धरत आहोत. मी याच्याशी सहमत नाही. आमच्या कुटुंबाची जागा ज्या रस्त्यालगत आहे, त्याची दर्जोन्नती होऊन तो राष्ट्रीय महामार्ग झाला. गावात त्या दिवशी पेढे वाटले गेले. नंतर कळले की उघड्या भागात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यरेषेपासून ४० मीटरपर्यंत इमारत रेषा, म्हणजे बांधकामाला मनाई, आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण रेषा, म्हणजे बांधकामावर नियंत्रण, धरली जाते. घराला जोडून दुकान काढण्याचा आमचा बेत तिथेच थांबला. नियम योग्य आहे, वाहनांच्या सुरक्षिततेसाठी तो असलाच पाहिजे, पण दर्जोन्नतीची मागणी करणाऱ्यांनी तो आधी वाचावा.

वळणमार्गाचेही तसेच आहे. शहराबाहेरून वळणमार्ग झाला की राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक तिकडे जातो आणि गावातून जाणारा जुना तुकडा एकदा डागडुजी करून राज्याकडे सोपवला जातो. दुकाने, शाळा, बसथांबे सगळे त्या जुन्या तुकड्यावरच असतात.

दर्जा हा शब्द किती दूरवर परिणाम करतो हे डिसेंबर २०१६ मध्ये दिसले. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली, तेव्हा अनेक राज्यांनी शहरांतले महामार्गांचे तुकडे वर्गातून वगळण्याचा मार्ग धरला. रस्ता तोच राहिला, वर्दळ तीच राहिली, कागदावरचा वर्ग तेवढा बदलला. म्हणून माझे मत असे आहे की निधी वर्गावर न ठरता वर्दळीवर ठरावा.

मैलाचा दगड

बुटीबोरी फाटा, आपले पहिले दोन मुद्दे मला पूर्ण मान्य आहेत. निधीच्या मुद्द्यावर मतभेद आहे. राष्ट्रीय महामार्ग सुमारे १,४६,००० किलोमीटर आहेत. देशातल्या सुमारे ६३ लाख किलोमीटर रस्त्यांच्या तुलनेत ते २ टक्क्यांच्या आसपास भरतात आणि जवळपास ४० टक्के वाहतूक त्यांच्यावरून जाते. निव्वळ वर्दळ मोजली तर आणखी पैसा त्यांच्याकडेच जाईल. ज्या रस्त्यावरून दिवसाला वीस वाहने जातात, त्यांतल्या एका वाहनात बाळंतपणासाठी निघालेली बाई असू शकते. नागपूरच्या अभियंत्यांनी गाव रस्त्यापासून किती दूर आहे हे मोजले होते. विकसित शेतीच्या प्रदेशातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, हा त्यांचा निकष होता. ग्राम सडक योजनेने २००० साली वस्तीची लोकसंख्या धरली, म्हणजे सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगराळ व आदिवासी भागांत २५०. मला हे दोन्ही निकष वर्दळीपेक्षा अधिक न्याय्य वाटतात.

बुटीबोरी फाटा

गावरस्त्यांपुरते मान्य करतो. जिल्हा मार्गांवरून जड ट्रक धावतात तिथे मात्र मोजणी व्हायलाच हवी.

धुरा

धागाकर्त्यांचा दुसरा प्रश्न मागे पडला आहे. मी महसुलाच्या बाजूने उत्तर देतो. पांधण ही नागपूर योजनेच्या पाच वर्गांत बसत नाही. तिची नोंद बांधकामाच्या यादीत न सापडता गाव नकाशावर सापडते. नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची प्रत घ्यावी आणि आपल्या वावराच्या गट क्रमांकापर्यंत कोणती रेषा येते ते पाहावे.

दुहेरी रेषा येत असेल तर रस्ता अस्तित्वात आहे. कोणी धुरा, म्हणजे शेताचा बांध, सरकवून तो अरुंद केला असेल तर मोजणी मागून अतिक्रमण काढण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. रेषाच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली, दुसऱ्यांच्या गटांच्या धुऱ्यावरून वाट मागता येते. आधीपासून वापरातली वाट कोणी अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचे कलम ५ आहे. या तिन्ही वाटा वेगळ्या आहेत आणि चुकीच्या कलमाखाली अर्ज केला तर वर्ष वाया जाते. मजबुतीकरणासाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना सुरू झाली, पण अतिक्रमण निघाल्याशिवाय अशा योजनेचा उपयोग होत नाही.

ताई, दादा, जे कोणी वाचत असतील त्यांना एक विनंती आहे. शेजाऱ्याशी आधी बोलावे. पांधणीचे खटले बहुधा भावकीतच चालतात आणि मोजणीच्या दिवशी दोन्ही घरे धुऱ्यावर समोरासमोर उभी राहतात, ते पाहवत नाही.

पांधणवाट (धागाकर्ता)

धुरा साहेब, आपल्या सांगण्यावरून परवा गाव नकाशाची प्रत काढली. आमच्या वावरापर्यंत दुहेरी तुटक रेषा येते. ओढ्यापाशी ती आजच्या वाटेपासून बाजूला सरकते आणि शेजारच्या काकांच्या संत्र्याच्या बागेच्या कडेने, आता जिथे दोन ओळी झाडे उभी आहेत तिथून जाते. झाडे माझ्या लहानपणी काकांनी आणि माझ्या वडिलांनी मिळून लावली होती, त्यामुळे अर्ज लिहिण्याआधी मी नकाशा घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ ती रेषा बोटाने गिरवली आणि आंबिया बहार उतरेपर्यंत थांबायला सांगितले. त्यानंतर एक ओळ काढू, मग पांधण ओढ्याच्या वरच्या अंगाने सरळ होईल, असे ते म्हणाले.

तोवर मोजणीचा अर्ज आम्ही दोघांच्या सहीने देत आहोत. मैलाचा दगड साहेब, ओढ्यावर मोरी टाकायची की रपटा, म्हणजे पाणी वरून जाऊ देणारा बसका पूल, पुरेल, याबद्दल सवडीने लिहावे. पात्र साधारण बारा फूट रुंद आहे, तळाला मुरूम लागतो आणि श्रावणात पाणी गुडघ्यापर्यंत चढते.